मेटलंडला बुबू दिसली त्या दिवशी

"डोळ्यांचं राहू दे," दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मां म्हणाली. "मला बुधवारी मेटलंडला ने."

मी तिचा हात धरला होता. तिला पायरी दिसायची, पण किती खाली आहे ते कळायचं नाही. साखर डोळ्यांत उतरली आहे, वर्षभर दिसेल, फार तर दीड वर्ष, असं डॉक्टर नुकतेच म्हणाले होते.

"मेटलंडला काय आहे?"

"मतदान आहे."

"ते आपलं नाही, मां. गोऱ्यांचं आहे."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "सकू येईल."

ही केप टाऊनची गोष्ट आहे, एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या एप्रिलमधली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवत होते. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये आमचं भाजीचं दुकान होतं आणि त्याच्या वर घर. बाबा कोकणातल्या मोर्ब्याहून जहाजाने आलेले, मां लग्न करून त्यांच्या मागाहून आलेली. घरात आम्ही मोर्ब्याचीच बोली बोलायचो. मांला इंग्रजी येत नव्हतं. बाजारात, दवाखान्यात, कचेरीत, जिथे ती जाईल तिथे तिचं बोलणं पलीकडे पोचवायला मी बरोबर असायचे.

सकू म्हणजे सकिना, माझी थोरली बहीण. मी तिला बुबू म्हणायचे. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. रंगाने ती बाबांच्या आईवर गेली होती. गोरीपान, घारे डोळे, केस उन्हात तांबूस दिसायचे. मी मांवर गेले, सावळी. लहानपणी रस्त्यावरून जाताना लोक विचारायचे, ही खरंच तुझी सख्खी बहीण का? बुबू माझा हात आणखी घट्ट धरायची.

शहरातल्या एका मोठ्या दुकानात हातमोजे विकायला गोऱ्या मुली हव्या होत्या. बुबू अर्ज घेऊन गेली. तिला कोणी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. मग जायला-यायला लांब पडतं म्हणून तिने गोऱ्यांच्या वस्तीत खोली घेतली. दर रविवारी येणारी बुबू महिन्यातून एकदा यायला लागली. एकोणपन्नास सालच्या हिवाळ्यात ती शेवटची आली. स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून म्हणाली, "हमिदा, मी लग्न करतेय. रेल्वेत फिटर आहे, बेस्टर नाव त्याचं. मी मडीरा बेटावरची पोर्तुगीज आहे असं त्याला वाटतं. आईबाप तिकडे आहेत असं सांगितलंय. तू मांला समजाव. आणि रस्त्यात कुठे दिसले तर ओळख देऊ नका, तुझ्या पाया पडते."

त्याच साली कायदा झाला होता की गोऱ्याचं आणि बिगर-गोऱ्याचं लग्न हे लग्नच नव्हे. पुढच्या साली प्रत्येक माणसाची जात-रंग सरकारी कागदावर लिहायचा कायदा आला. बुबू गेल्यानंतर नऊ वर्षं आमच्या घरात कुणी बुबूचं नाव मोठ्याने घेतलं नाही.

बाबांना तिचा पत्ता सापडला तो मतदारयादीत. त्यांची एक वेगळीच कथा होती. आमच्या प्रांतात जुन्या काळापासून थोडं शिकलेल्या, थोडी मिळकत असलेल्या आमच्यासारख्या पुरुषांनाही मताचा हक्क होता. बाबा जवळजवळ तीस वर्षं मत देत आले होते. त्या दिवशी दुकान बंद, काळा कोट, डोक्याला लाल फेज टोपी. छप्पन्न साली सरकारने ती सगळी नावं मुख्य यादीतून काढली आणि वेगळ्या यादीत टाकली. त्या यादीने चार माणसं निवडून द्यायची, आणि तीही गोरीच. बाबा म्हणाले, असलं मत मी देणार नाही. तरीही निवडणूक जवळ आली तेव्हा ते कचेरीत जाऊन मुख्य यादी बघून आले.

"कशाला गेलात?" मांने विचारलं.

"एखाद्या वेळी चुकून राहिलं असेल म्हणून बघितलं."

त्यांचं नाव राहिलं नव्हतं. मग तिथेच उभ्याउभ्या त्यांनी आसपासच्या वस्त्यांची पानं उलटली. मेटलंडच्या पानावर लिहिलं होतं: बेस्टर, सेलिना, गृहिणी. सकिनाची सेलिना झाली होती. पुढे रस्त्याचं नाव, घराचा नंबर. बाबांनी ते पान मला आणि मांला तोंडपाठ सांगितलं आणि उठून खाली दुकानात गेले.

घरी जाऊन दार ठोठावणं शक्य नव्हतं. तसल्या रस्त्यावर आमच्यासारख्या बायका पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या की शेजारचे पडदे हलतात. पण मतदानाच्या दिवशी शेकडो माणसं बाहेर असणार. त्यांत समोसे विकणाऱ्या दोघी बायका कोणाच्या नजरेत भरणार? मांने हे सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "जा. पण तिच्या सावलीतही उभ्या राहू नका."

बुधवारी मी कामावर रजा टाकली. मांने पहाटे उठून समोसे तळले. तिला कढईतलं तेल नीट दिसत नव्हतं, आवाजावरून तळत होती. मी करते म्हटलं तर ऐकेना.

मेटलंडला चर्चच्या सभागृहात मतदान होतं. बाहेर फुटपाथवर दोन पक्षांचे दोन तंबू. प्रत्येकात टेबलं मांडलेली, छातीला रंगीत फिती लावलेल्या बायका यादीत नावं शोधून मतदारांना चिठ्ठीवर नंबर लिहून देत होत्या. आम्ही समोरच्या बाजूला, बसथांब्याच्या मागे उभ्या राहिलो. तिथे बाक होता, पण तो आमच्यासाठी नव्हता. नऊ वाजल्यापासून साडेअकरापर्यंत मां उभी होती. दर दोन मिनिटांनी विचारायची, "ही का?" मी म्हणायचे, "नाही."

मग ती आली. निळी टोपी, पांढरे हातमोजे. बरोबर रेल्वेचा कोट घातलेला उंच, रुंद खांद्यांचा नवरा. दोघांच्या मधे एक लहान मुलगी.

"मां," मी म्हटलं. "निळी टोपी."

मांने डोळे बारीक केले. मान इकडे केली, तिकडे केली. "मला नुसतं निळं दिसतंय गो," ती म्हणाली. "तोंड नाही दिसत."

"जवळ जायचं नाही असं ठरलंय."

"तोंड न बघता परत जाऊ?"

मी काही बोलायच्या आत तिने टोपली उचलली आणि रस्ता ओलांडायला लागली. मी धावत तिच्या मागे गेले. बुबूचा नवरा सत्तेवरच्या पक्षाच्या तंबूकडे वळला होता, ज्या पक्षाने ते सगळे कायदे केले होते त्याच तंबूकडे. बुबू त्याच्या बाजूला उभी होती. तिने आम्हाला पाहिलं. चेहऱ्यावर काहीही हललं नाही, फक्त पर्स धरलेल्या बोटांची पकड घट्ट झालेली मला दिसली.

मां टोपली घेऊन टेबलापाशी गेली, विकायला आल्यासारखी. ती लहान मुलगी पुढे झाली आणि टोपलीत वाकून बघायला लागली. मां खाली वाकली. त्या दोघींची तोंडं अगदी जवळ आली. घारे डोळे, कपाळावर तोच भोवरा. मांच्या तोंडून निघून गेलं, "सकू!"

ती त्या मुलीला म्हणाली होती. पण मान वळली ती बुबूची.

क्षणभरच. पण टेबलामागच्या हिरव्या टोपीच्या बाईने ते पाहिलं. तिने पेन खाली ठेवलं.

"मिसेस बेस्टर, तुम्ही हिला ओळखता?"

"नाही," बुबू म्हणाली.

"तिने तुम्हाला हाक मारल्यासारखं वाटलं."

"मला नाही तसं वाटलं."

ती बाई मांकडे वळून काहीतरी बोलली. मांने माझ्याकडे पाहिलं. बाईने मला विचारलं, "तुझी आई का? तिला इंग्रजी येत नाही? मग तू सांग. आत्ता ती काय म्हणाली, आणि या बाईंना कशी ओळखते, ते तिला विचार. आणि ती जे सांगेल ते जसंच्या तसं सांग. आम्हाला अशा बाबतीत बघावं लागतं."

कशा बाबतीत ते तिथे सगळ्यांना कळलं. अशी एक तक्रार गेली की माणसाला रंग ठरवणाऱ्या बोर्डापुढे उभं करत, कागद पुन्हा तपासत. मग लग्न रद्द, घर बंद, मुलीची शाळा बंद. बुबूच्या नवऱ्याने खिशातून काढलेला पाइप तसाच हातात धरला होता. तो ऐकत होता.

मी मांकडे वळले. "मां, ती विचारतेय तू हिला कशी ओळखतेस."

मांने टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि अगदी शांत आवाजात, दुकानात भाजीचा भाव सांगावा तशी, माझ्याकडे बघत बोलायला लागली. "तिला काय सांगायचं ते तू सांग, हमिदा. मी माझं बोलते. सकू, इकडे बघू नकोस. माझे डोळे चाललेत, म्हणून आले. एकदा तुझं तोंड बघायचं होतं. बाबा बरे आहेत. दुकान चालू आहे. तुझ्यावर कोणाचा राग नाही."

बुबू रस्त्याकडे बघत होती. तिला शब्द न् शब्द कळत होता.

"ती म्हणते, मॅडम," मी त्या बाईला सांगितलं, "पूर्वी ती एका घरी कपडे धुवायला जायची. तिथे या मुलीसारखीच एक मुलगी होती. तिला वाटलं तीच. आता तिला नीट दिसत नाही."

"कुठल्या घरी?"

"मां, विचारतेय कुठे."

"पोरीचं नाव काय ठेवलंस?" मां म्हणाली. "किती वर्षांची? नवरा अंगावर हात टाकत नाही ना? मला कसंही करून कळव गो बाय."

"सी पॉइंटला, मॅडम. ती माणसं इंग्लंडला निघून गेली."

बाई अजून बघत होती. तेव्हा बुबू बोलली. त्या बाईकडे बघून, हसून, स्वच्छ इंग्रजीत. "मार्गारेटच्या बाबतीत नेहमी असंच होतं. जूनमध्ये सात पुरी होतील तिला, आणि जो भेटतो त्याला ती कोणाची तरी मुलगी वाटते. माझा नवरा फार शांत स्वभावाचा आहे, नऊ वर्षांत आवाज चढवला नाही कधी. पण इथे दिवसभर उभं केलंत तर तोही चिडेल."

नवरा हसला. बाईही थोडी सैल झाली. मांच्या तीन प्रश्नांची तीन उत्तरं बुबूने दिली होती.

मार्गारेटने तेवढ्यात टोपलीतला एक समोसा उचलला होता. बुबूने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि परत टोपलीत ठेवला. "असलं खायचं नाही. तेलकट असतं." तिच्या पांढऱ्या हातमोज्याच्या बोटावर पिवळा डाग उमटला. लहानपणी पहिला समोसा कोणाचा यावरून आम्ही दोघी भांडायचो.

"तिला यांच्याकडून काही हवंय का?" बाईने मला विचारलं. "विचार, आणि मग इथून जा."

"मां, काही हवंय का म्हणते. मग निघायचं."

या वेळी मांचा आवाज किंचित कापला. "एकदा येशील का? मागच्या दाराने ये. कोणाला कळणार नाही. मी मेल्यावर तरी तोंड बघायला ये."

"ती विचारतेय, मॅडमना धुण्याला बाई हवी आहे का," मी म्हटलं. "सोमवारी येईल."

बाईने बुबूकडे पाहिलं. बुबूने हातमोज्यावरचा डाग अंगठ्याने पुसला. तो गेला नाही.

"नो," ती म्हणाली. "तिला सांग, मला कोणाची गरज नाही. आणि सांग, या बाजूला पुन्हा यायचं नाही. कधीही नाही."

मग ते तिघं चिठ्ठी घेऊन सभागृहाच्या दारातून आत गेले. निळी टोपी दिसेनाशी होईपर्यंत मां त्या दिशेला तोंड करून उभी होती. तिला काय दिसत होतं कोण जाणे.

स्टेशनकडे चालताना मी तिला सांगितलं: मार्गारेट नाव, जूनमध्ये सात होतील, नवरा शांत आहे, नऊ वर्षांत आवाज चढवला नाही. मां प्रत्येक गोष्ट पुटपुटत होती, पाठ करत असल्यासारखी.

"आणि शेवटी काय म्हणाली? एकदा येशील का म्हटलं तेव्हा?"

दिवसभर मी खोटं बोलले होते. आणखी एक सहज निघालं.

"येईन म्हणाली."

"कधी?"

"जमेल तेव्हा."

मांने माझा हात दाबला आणि चालत राहिली.

संध्याकाळी बाबा दुकानात बटाटे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "दिसली?"

"दिसली."

"मत दिलं तिने?"

"आत गेली होती."

"म्हणजे दिलंच असणार." त्यांनी एक सडका बटाटा बाजूला टाकला. "त्या यादीत आपल्या घरातलं एक नाव आहे तर."

कुठल्या तंबूतून चिठ्ठी घेतली ते मी त्यांना सांगितलं नाही. दोन दिवसांनी निकाल लागला. तोच पक्ष पूर्वीपेक्षा जास्त जागा घेऊन आला होता.

त्यानंतर मांने मागच्या दाराची कडी दिवसा लावायचं सोडलं. जिन्यावर पाय वाजला की बोलता बोलता थांबायची. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या आधीच, दहा महिन्यांत, तिची नजर पूर्ण गेली. मग ती त्या दारापाशीच खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसायची, बोटांनी. मला वाटायचं, आता सांगून टाकावं. पण ती वाट बघताना इतकी टवटवीत दिसायची की धीर व्हायचा नाही. आणि सांगितलं नाही म्हणून रोज स्वतःची चीडही यायची.

साठ सालच्या ऑगस्टमध्ये तिच्या पायाची जखम चिघळली आणि ताप उतरेना. एका दुपारी ती पूर्ण शुद्धीवर होती. बाबा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. मी तिच्या उशाशी बसले आणि म्हटलं, "मां, मला माफ कर. बुबू येईन म्हणाली नव्हती."

"ठाऊक आहे," मां म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"तीस वर्षांहून जास्त झाली मला या देशात. नो म्हणजे काय, एवढं इंग्रजी सगळ्यांनाच शिकवतात इथे." तिने चाचपत माझा हात शोधला. "तिने नाही म्हटलं ते बरंच केलं. हो म्हणाली असती तर त्या बाईने तिला तिथेच धरलं असतं. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग दाराशी का बसायचीस?"

"तू माझ्यासाठी एवढं खोटं बोललीस. ते वाया गेलं असं तुला वाटायला नको." मग ती म्हणाली, "आणि बसायला लागल्यावर खरोखरच वाट बघायला लागले मी. तो माझा वेडेपणा."

रविवारी सकाळी ती गेली. दुपारी जनाजा उठला. रात्री बाबा म्हणाले, "तिला कळवायला हवं. कशीही असली तरी तिची आई होती."

म्हणून चौथ्या दिवशी मी एकटी मेटलंडला गेले. काय सांगायचं ते रस्ताभर जुळवत होते. नवऱ्याने दार उघडलं तर काय, मुलीने उघडलं तर काय. पण दाराला निराळ्याच नावाची पाटी होती. शेजारच्या अंगणात एक म्हातारी गोरी बाई कुंड्यांना पाणी घालत होती. तिला विचारलं.

"बेस्टर? ते गेले ना ऱ्होडेशियाला. दोन वर्षं झाली. त्याला तिकडच्या रेल्वेत नोकरी मिळाली."

"पत्ता आहे का, मॅडम?"

"नाही ठेवला त्यांनी. सगळं फार घाईघाईत झालं." तिने झारी खाली ठेवली. तिला बोलायला माणूस हवं होतं. "तो जायला तयार नव्हता, तिनेच हट्ट धरला. इथे राहवत नाही म्हणे. बिचारीची आई वारली ना. मडीराला होती आई. ती निवडणूक झाली बघ, त्याच दिवशी तिला कळलं. मत देऊन घरी आली आणि पडदे ओढून बसली. दोन दिवस रडत होती, भिंतीतून ऐकू यायचं. मी सूप घेऊन गेले तर मला म्हणाली, माझी आई गेली, आणि मला तिच्याशी धड बोलताही आलं नाही. पुढे काळे कपडे घातले ते इथून जाईपर्यंत."

मी तिचे आभार मानले आणि निघाले. स्टेशनवर दोन गाड्या सोडल्या. चढायचं सुचलंच नाही.

घरी बाबा दुकानाच्या पायरीवर बसले होते. "भेटली?" त्यांनी विचारलं. "कळलं तिला?"

"कळलं," मी म्हटलं. "दोन दिवस रडत होती. काळे कपडे घातले तिने."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले. "रडली ना," ते म्हणाले. "मग झालं."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी मी त्यांना सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.